जर्दाळू रंगाचं वर्ष

"मान वर. अजून वर. छताकडे बघ, माझ्याकडे नको," मी खारूला म्हटलं आणि तिच्या उजव्या गालावर नव्या डबीतला रंग बोटाने टेकवला.

दुकान उघडायला अर्धा तास होता. खालच्या मजल्यावरची फरशी नुकतीच पुसून झाली होती आणि आमच्या मेकअपच्या काउंटरवरचा दिवा तेवढा लावलेला होता. थंडी संपत आली की दरवर्षी कंपनीकडून वसंताचे नवे रंग यायचे. खोकं फोडलं की आधी ते आम्ही एकमेकींच्या तोंडावर लावून बघायचो, कारण डबीतला रंग आणि गालावरचा रंग यांचं क्वचितच पटतं. डाव्या गालावर गेल्या वर्षीचा, उजव्यावर नवा. मग दोन पावलं मागे जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं.

मी दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक केले, आणि माझा हात तसाच हवेत राहिला.

रंगाचं नाव होतं 'पहाटेचा जर्दाळू'. कंपनीची माणसं रंगांना काहीही नावं द्यायची. "जर्दाळू पहाटे काय वेगळा दिसतो का गं वहिनी?" असं खारूने डबी उघडताना विचारलं होतं आणि मी हसले होते. आता हसू येईना. तिच्या गालावर तो रंग लावल्यासारखा वाटतच नव्हता. धावत जिना चढून आल्यावर माणसाला येते ना, तशी लाली दिसत होती. डावा गाल त्याच्याशेजारी शिळा वाटत होता.

"कसाय?" तिने विचारलं.

"बराय," मी म्हटलं.

मग तिने मला बसवलं आणि तोच रंग माझ्या गालाला लावला. आरशात पाहिलं तर तीन दिवस ताप येऊन गेलेली बाई. खारू डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला गेल्या वर्षीचा गुलाबीच छान दिसतो गं." खरं तेच बोलली. गिऱ्हाइकाला रंग शोभत नसेल तर तसं सांगायचं, ही सवय मीच तिला लावली होती.

खारू माझी नणंद. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आईविना वाढलेली, आणि एका जागी म्हणून बसायची नाही. खारीसारखी सुर्रकन जायची म्हणून तिच्या दादाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला ते नाव ठेवलं होतं. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे गुडघे मी धुतले, गोवर आला तेव्हा उशाशी मी बसले. मला मूल झालं नाही, आणि ती असल्यामुळे त्याचं फारसं काही वाटलंही नाही. ती अठराची झाल्यावर मीच तिला दुकानात आणलं. शब्द टाकला, हमी दिली, हाताखाली घेतलं. लोक म्हणायचे, नणंद-भावजय अशा कुठे बघितल्या नाहीत. मलाही तसंच वाटायचं, त्या जर्दाळू रंगाच्या सकाळपर्यंत.

आता शर्यतीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर एका डबीपायी माझा चेहरा का पडला ते कळायचं नाही.

आमचं दुकान चार मजली, शहरातल्या जुन्या हमरस्त्यावर. वसंतातल्या पहिल्या रविवारी दुकानातर्फे त्या रस्त्यावर विक्रेत्या मुलींची शर्यत लागायची. दुकानाच्या मोठ्या दारापासून पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत. दोनशेवीस पावलं, मी मोजली होती. वाहनं बंद ठेवायचे, दिव्याच्या खांबांना कागदी फुलं बांधायचे, बँडवाले यायचे, आणि दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी. धावायचं ते कामाच्या कपड्यांत आणि कामाच्या बुटांत, दोन बोटं टाचेच्या. त्यामुळे निम्म्याजणी बदकासारख्या धावायच्या आणि लोक पोट धरून हसायचे. पण खरी गंमत शेवटी होती. शर्यत मुळात नव्या रंगाच्या जाहिरातीसाठी. प्रत्येकीने वसंताचा नवा मेकअप करूनच धावायचं, आणि पोस्टापाशी पहिल्या आलेल्या मुलीच्या गालावर पांढराशुभ्र रुमाल दाबून तो लोकांना दाखवायचा. रुमाल कोरा निघाला तर ती जिंकली. रुमालाला रंग लागला तर ती बाद, आणि रुमाल दुसरीच्या गालाला. "रंग उतरला, नंबर उतरला," असं कर्ण्यावरून ओरडणारा मनुष्य ओरडायचा.

जिंकणारीचा मोठा फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लागायचा, पुढचा वसंत येईपर्यंत. आणि जिचा फोटो काचेत, तीच मेकअपच्या काउंटरची मुख्य. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं.

गेली पाच वर्षं तो फोटो माझा होता.

माझ्याआधी तो मावशींचा होता. मावशी म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या. मी त्यांना हरवलं त्या वर्षी त्यांना तिसऱ्या मजल्यावर बांधणीच्या खोलीत पाठवलं. तिथे त्या दिवसभर खोक्यांना दोरी बांधायच्या. वर्षातून एकदा, शर्यतीच्या दिवशी, पांढरे रुमाल धुऊन, कडक इस्त्री करून खाली आणायचं काम तेवढं त्यांच्याकडे होतं. मी तेव्हा सव्वीसची होते आणि त्यांच्याबद्दल मला फारसं काही वाटलं नव्हतं. म्हातारी झाली, चालायचंच. त्या तेव्हा अडतीसच्या होत्या.

जर्दाळू रंग आला तेव्हा मी एकतीसची होते.

खारूने त्याआधी शर्यतीत कधी भाग घेतला नव्हता. पहिल्या वर्षी नवखी होती, दुसऱ्या वर्षी पाय मुरगळला होता. यंदा तिने फळ्यावर नाव लिहिलं आणि घरी येऊन ते आनंदाने सांगितलं, जसं काही आम्ही दोघी जत्रेला निघालो होतो. "आपल्या काउंटरच्या दोघी. पहिला नंबर घरातच," ती म्हणाली. हे लगेच म्हणाले, "मग तयारी करायला हवी. उद्यापासून सकाळी मैदानावर चल, मी घड्याळ लावतो."

हे घड्याळं दुरुस्त करायचे. घरात सेकंदाच्या काट्याची तीन-तीन घड्याळं होती. पाच वर्षं मी धावले, पाच वर्षं जिंकले. माझ्यासाठी कधी कुणी घड्याळ लावलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना असल्या गोष्टींत रस नाही. आता रोज सकाळी भाऊ-बहीण तोंडं लाल करून परत यायचे आणि चहा पिताना आकडे बोलायचे. अठ्ठावीस. साडेसत्तावीस. एक दिवस सव्वीस. मी चहा गाळत ऐकायचे. "तूही ये ना गं," खारू म्हणायची. मी म्हणायचे, घरातली कामं कोण करणार. आणि दुकानात जेवणाच्या सुट्टीत, मागच्या जिन्याने, चार मजले धावत चढायचे आणि उतरायचे. बूट हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून.

काउंटरवरही तेच. जर्दाळूचा नमुना दाखवायला एकीला तो लावून उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी मी लावला. एक बाई आली, माझ्याकडे पाहिलं, शेजारी पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांना लावलाय तो नको, त्या मुलीला लावलाय तो दाखवा." दोघींना एकाच डबीतला लावला होता. ती मुलगी म्हणजे खारू. खारूने खाली बघत डबी पुढे केली. तिने हसू दाबलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं. पण ती बिचारी शरमली होती.

शर्यतीच्या आठवडाभर आधी फोटोग्राफर काचेच्या जागेचं माप घ्यायला आला. नेहमी तो मला उभं करायचा, प्रकाश बघायला. त्या वर्षी आमच्या मजल्याच्या मोठ्या बाई मागे उभ्या होत्या, त्यांनी बोटाने खारूला बोलावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फक्त प्रकाशापुरतं हो." थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "तसा नवा चेहरा आला तर गिऱ्हाइकालाही बरं वाटतं. तुमच्यासारखी अनुभवी बाई वर बांधणीत असली तर आम्हालाही निवांत."

मी "हो बाई" म्हटलं. काचेपलीकडे खारू उन्हात उभी होती, हनुवटी वर करून. हनुवटी कशी धरायची ते मीच शिकवलं होतं.

त्या आठवड्यात मी तिचा किती हेवा केला, ते आज सांगायलाही लाज वाटते, पण सांगते. ती कशी खाते याचा राग आला. ती गुणगुणायची त्याचा आला. आंघोळीनंतर तिच्या मानेवर ओले केस चिकटायचे, त्याचाही आला. मी तिच्या गोवराच्या वेळी जागले होते, ते आठवून आठवून मी तिच्यावर राग काढत होते. जसं काही तिने माझं काहीतरी घेतलं होतं आणि परत केलं नव्हतं. आणि हे सगळं चालू असताना तिच्या डब्यात मी रोज तिच्या आवडीचंच देत होते. हात आपलं काम करतात, मन आपलं.

रविवार उजाडला. शर्यत अकराला. सकाळी आठपासून धावणाऱ्या मुलींचे चेहरे मी करायला घेतले. ते काउंटरच्या मुख्य बाईचं काम. मोज्यांच्या काउंटरची, छत्र्यांची, शिवणखोलीतली, अशा सहाजणी आणि आम्ही दोघी. माझा चेहरा मी सगळ्यांत आधी करून घेतला. खारूला शेवटी ठेवलं.

रंग टिकवायची मावशींची एक रीत होती, त्यांनी मला दिलेली, मी खारूला दिलेली. आधी रंग. त्यावर पावडर दाबून. मग थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्पंज गालावर टेकवायचा, घासायचा नाही, नुसता टेकवायचा; त्याने रंग आणि पावडर एकजीव होतात. वाळलं की पुन्हा पावडर. हे चारही केलं तर घामाने काही होत नाही. स्पंज गाळला तर बघणाऱ्याला काही कळत नाही, उलट गाल जरा जास्तच मऊ दिसतो, पण घाम आला की रंग सुटतो. खारूला मी हे डोळे मिटायला लावून शिकवलं होतं, आपण काय करतो ते गिऱ्हाइकाला कसं लागतं ते कळावं म्हणून. प्रत्येक पायरी तिला स्पर्शाने ओळखू यायची.

ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. बाहेर बँडवाले वाद्यं जुळवत होते. मी रंग लावला. इतका छान बसला की माझी बोटं क्षणभर तिच्या गालावरच राहिली. पावडर दाबली. वाटीतला स्पंज हातात घेतला. पाणी गार होतं. मी तो पिळला.

आणि वाटीत परत ठेवला.

ठरवून केलं का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. पण स्पंज पिळून परत ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसाला सगळं कळलेलं असतं. मी पावडरचा पुन्हा एक हात फिरवला, कोरड्यावर कोरडा, आणि डबीचं झाकण लावलं.

खारूने डोळे उघडले नाहीत.

"झालं, वहिनी?"

"झालं."

ती थोडा वेळ तशीच बसली. मग पुन्हा, अगदी हळू, "झालं ना?"

"झालं म्हटलं ना. ऊठ, उशीर होतोय."

ती उठली.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. शिट्टी झाली आणि आठजणी सुटलो. छत्र्यांच्या काउंटरवालीचा बूट पाचव्या पावलाला निघाला, लोक हसले. अर्ध्यापर्यंत मी पुढे होते. चार मजल्यांचे जिने मी उगाच चढले नव्हते. मग डावीकडून खारू आली. मला तिचा श्वास ऐकू आला, आणि ती पुढे गेली. कशी धावली म्हणून सांगू. त्या बुटांतही जमिनीला पाय लागतोय असं वाटत नव्हतं. गर्दीतून ह्यांचा आवाज आला, "खारू, खारू, चल!" हा माणूस घरात कधी मोठ्याने बोलला नव्हता. मी तिच्या तीन पावलं मागे पोस्टापाशी पोहोचले.

लोकांनी तिला जवळजवळ उचललंच. ती हसत होती, धापा टाकत होती, आणि तिच्या कानशिलावरून घाम खाली येत होता. थोरल्या मालकांनी मावशींच्या हातातल्या तबकातला रुमाल घेतला, तिच्या गालावर दाबला आणि वर धरला.

रुमालावर जर्दाळू उमटला होता. अख्खा गाल उमटला होता.

बँड चुकून एक ओळ पुढे वाजला आणि थांबला. कर्णेवाल्यालाही त्याचं ते नेहमीचं वाक्य ओरडायला जरा वेळ लागला. गर्दीतून एक मोठा निराश आवाज उठला, जसा एकाच माणसाच्या गळ्यातून यावा. मग माझ्या गालावर दुसरा रुमाल दाबला. तो कोरा निघाला. टाळ्या वाजल्या, पाहुणा उठून निघाला की वाजवतात तशा.

मावशी पहिला रुमाल घडी करत होत्या. रंग आत जाईल अशी घडी घातली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रंग चांगलाय. पोरीची कातडीही चांगलीय." आणि तबक उचलून वळल्या.

माझा फोटो काढला. हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्याच्या जरासे वर. आणि त्या क्षणीही, खरं सांगते, मी खारूकडे बघत होते. तिच्याभोवती माणसं जमली होती. हे तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. कुणी तिला पाणी देत होतं, कुणी पंख्याने वारा घालत होतं, मोज्यांच्या काउंटरवाली चक्क रडत होती. माझ्याजवळ फोटोग्राफर तेवढा. जिंकूनही मला तिचा हेवाच वाटत होता.

दुकानात परत आले तेव्हा खारू मागच्या बेसिनपाशी तोंड धूत होती. पाण्याबरोबर रंग जात होता. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले. तिने तो घेतला, तोंड पुसलं आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"स्पंज राहिला होता," ती म्हणाली.

"गडबडीत राहिला असेल गं. सात चेहरे केले सकाळपासून."

"हं."

"आधी बोलायचंस की मग. परत केलं असतं."

"मी विचारलं होतं ना," ती म्हणाली. "दोनदा विचारलं."

तिने टॉवेलची नीट घडी केली, खुंटीवर टाकली आणि ती बाहेर गेली. चिडली नाही, रडली नाही. ह्यांना सांगितलं नाही, दुकानात कुणाला सांगितलं नाही. मी महिनाभर वाट पाहिली की आज सांगेल, उद्या सांगेल. तिने भांडावं म्हणून मी एक-दोनदा उगाच कुरापतही काढली. ती "बरं" म्हणायची आणि कामाला लागायची.

माझा फोटो काचेत लागला. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे आणि एकमेकांना सांगायचे, "ह्या दुसऱ्या आल्या होत्या. पहिली आली ती वेगळी, तिचा रंग गेला." मी दाराशी उभी असले तरी सांगायचे, कारण फोटोतली बाई आणि दाराशी उभी असलेली बाई एकच आहे हे फार कुणाच्या लक्षात यायचं नाही. जर्दाळू त्या वर्षी खपलाच नाही. सगळ्या गावासमोर गालावरून उतरलेला रंग कोण विकत घेणार? गठ्ठेच्या गठ्ठे कंपनीला परत गेले. कंपनीची माणसं येऊन मालकांशी तावातावाने बोलून गेली, आणि पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग ती कधीच झाली नाही. मला मागे टाकायला कुणी उरलंच नाही, आणि मी त्या काउंटरची मुख्य म्हणून आणखी चोवीस वर्षं उभी राहिले. बांधणीच्या खोलीत मला कुणी पाठवलं नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

खारूने शर्यतीनंतर आठवड्याभरात मोठ्या बाईंना सांगून दुसऱ्या मजल्यावर, लहान मुलांच्या बुटांच्या काउंटरवर बदली करून घेतली. मुलांची तिला आवड आहे, असं कारण दिलं. तिथे ती दिवसभर गुडघ्यांवर बसून इवल्या पायांना बूट घालायची, आणि मुलांना बूट चालून बघायला सांगताना म्हणे त्यांच्याबरोबर दोन-चार पावलं धावायचीही. मी बघायला कधी गेले नाही. घरी ती पूर्वीसारखीच होती. पाणी भरायची, भाजी चिरायची, माझं डोकं दुखलं तर चेपून द्यायची. फक्त मला 'अगं वहिनी' म्हणणारी मुलगी हळूहळू 'अहो वहिनी' म्हणू लागली. हे खूश झाले. म्हणाले, "मोठी झाली, मान द्यायला शिकली." मी म्हटलं, "हो ना."

दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. मुलगा छापखान्यात होता, शांत, तिच्यासारखाच सडपातळ. लग्नाच्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. रंगांची पेटी रात्रीच भरून ठेवली होती. तिला शोभतील असे तीन रंग निवडले होते, नवे कोरे ब्रश काढले होते. आयुष्यात मी शेकडो नवऱ्या सजवल्या असतील, पण इतक्या काळजीने पेटी कधी भरली नव्हती. मनात एक-दोन वाक्यंही जुळवून ठेवली होती. ती खुर्चीत डोळे मिटून बसेल, तेव्हा बोलायचं ठरवलं होतं. समोरच्याचे डोळे मिटलेले असले की बोलणं सोपं जातं.

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. ती खिडकीपाशी उभी होती, साडी नेसून तयार, आणि तिचा चेहरा झालेला होता.

मी दोन पावलं मागे गेले. सवयीनेच. डोळे बारीक केले. कुठे एक रेषा चुकली नव्हती. मी केला असता तर इतका चांगला झाला नसता.

"तू केलास?"

"हो. पहाटेच आटपलं," ती म्हणाली. "तुम्हाला आज आधीच किती दगदग आहे, म्हटलं उगाच कशाला."

"बरं केलंस," मी म्हटलं. जुळवून ठेवलेली वाक्यं होती, पण ती मिटलेल्या डोळ्यांसाठी होती. तिचे डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी बाहेर येऊन दारापाशी एका खुर्चीत बसले. पेटी मांडीवर होती. बायका आत जाऊन नवरीला बघून येऊ लागल्या. एकेक बाहेर यायची, माझी पेटी बघायची आणि माझं कौतुक करायची. काय चेहरा केलाय हो. जादू आहे तुमच्या हातात. शेवटी शोभते खरी तुमचीच नणंद. आतून खारूचा आवाज ऐकू आला. कुणीतरी तिला तेच विचारलं असावं. ती सांगत होती, "हो, सगळं वहिनींनीच शिकवलंय."

छत्र्यांच्या काउंटरवाली माझ्यापाशी थांबली. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "कमाल केलीत आज."

"चेहराच मुळात तिचा चांगला आहे," मी म्हटलं. "माझं त्यात काही नाही."

इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्याने सांगितलं होतं. तिला तो माझा विनय वाटला. ती हसून पुढे गेली. मग आतून बायकांची गडबड ऐकू आली, नवरी निघाली होती. वाट मोकळी राहावी म्हणून मी पेटी काखेत घेतली, उठले आणि माझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली.